एक सूत बाजूला

केंद्रातल्या बाई ज्या दिवशी तात्यांचे काम पाहण्यास येणार होत्या, त्या दिवशी सकाळी थोरलीने बांधणीखान्यातील लांब टेबल तीन वेळा पुसून काढले. चौथ्या वेळी तिने फडके उचलले, तेव्हा तिच्या धाकट्या जावेने ते मुकाट्याने तिच्या हातातून काढून घेतले आणि खुंटीवर टांगले.

"ताई, बाई टेबल बघायला येत नाहीयेत," धाकटी म्हणाली.

थोरलीने खुर्च्या सरळ करायला घेतल्या. बाई काय पाहणार आहेत हे या घरात तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते, आणि तिच्या अस्वस्थतेचे मूळ तेथेच होते.

या घराचा खालचा मजला म्हणजे पुस्तकबांधणीचा कारखाना आणि वरचा मजला म्हणजे संसार. खळीचा आंबूस वास जिन्याने वर चढून स्वयंपाकघरापर्यंत जाई, आणि लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेला तो पहिले सहा महिने नकोसा होऊन पुढे जन्मभर हवासा वाटे. तिघा भावांत मधले जे तात्या, त्यांच्यासारखा कारागीर या टेबलापाशी दुसरा झाला नाही. परंतु कंदिलाची वात कोणीतरी हळूहळू खाली करीत न्यावी, तशी त्यांची दृष्टी दोन वर्षांत मावळली. तदनंतरचे काही महिने ते वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून असत. कोणी हाक मारली की "हं" म्हणत, आणि त्या "हं"मध्ये काहीच नसे.

अखेर एके सकाळी दादांनी, म्हणजे थोरलीच्या यजमानांनी, त्यांचा दंड धरून त्यांना खाली आणले. टेबलापाशी बसवले, समोर कागदांचा गठ्ठा आपटला, घडी दाबायची हाडाची पट्टी हातात दिली आणि दरडावून सांगितले की दोनशे चाळीस ताव घडायचे आहेत, बसून राहायला या घरात कोणाला फुरसत नाही. तात्यांनी हात लांब केला, कागद चाचपला आणि घडी घातली. त्या दुपारी ते पोटभर जेवले.

तो गठ्ठा मात्र रद्दीचा होता. छापखान्यात रेघा तिरप्या पडल्यामुळे फुकट गेलेले ते वह्यांचे ताव होते. खरे गिऱ्हाइकी काम आंधळ्या माणसाच्या हाती देण्याचे धैर्य दादांना झाले नव्हते. तात्या वर गेल्यावर थोरलीने संध्याकाळी ते सारे ताव एकेक करून उलगडले, दाबयंत्रात घालून सपाट केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच गठ्ठा पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. चार दिवस निभावून न्यावे म्हणून आरंभलेली ही गोष्ट पाहता पाहता तीन वर्षे चालली. कागद फार मऊ पडला की महिन्याकाठी ती रद्दीतून दुसरा गठ्ठा काढी, आणि भाऊजींना सोपे जावे म्हणून त्याच्या मधोमध अगोदर स्वतः एक घडी मारून ठेवी.

येथवरचे सर्व दादांना आणि धाकटीला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते पुढचे. ताव उलगडताना थोरलीला अगदी आरंभापासून दिसत आले होते की तात्यांची घडी चुकते. मधली घडी तयार असूनही ती तिच्यावर बसत नसे. कधी डावीकडे सरके, कधी उजवीकडे, आणि कागदाच्या कडा एकीला एक जुळत नसत. ज्या हाताने एके काळी आठशे पानी ग्रंथाची कड एका रेषेत उभी केली, त्या हाताची ही दशा पाहवेनाशी होऊन ती नजर दुसरीकडे ठेवून ताव उलगडी. हे तिने नवऱ्यालाही सांगितले नाही. तीन वर्षे तिने ते पदराखाली झाकून ठेवले होते.

आणि आठ दिवसांपूर्वी समजले की तात्यांनी नोकरीसाठी अर्ज केला आहे.

त्या कटात धाकटी सामील होती. ती एका दवाखान्यात फोनवर बसत असे. अपंग माणसांना काम मिळवून देणाऱ्या साहाय्य केंद्राचे पत्रक तिला तेथील फळ्यावर दिसले, आणि तिने ते घरी आणून तात्यांना वाचून दाखवले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो असे सांगून दोघे तीनदा केंद्रात जाऊन आले होते. डॉक्टरकडून येताना तात्या शीळ घालीत जिना चढतात, हे थोरलीच्या कानांना खटकले होते खरे, परंतु तिने त्याचा अर्थ लावला नव्हता.

अर्जाचे उत्तर आले तेव्हा घरात एकच गहजब उडाला. वन्संना, म्हणजे दादा आणि तात्यांच्या थोरल्या बहिणीला, फोन गेला, आणि त्या दुसऱ्या दिवशीच पिशवी घेऊन हजर झाल्या. त्यांचे म्हणणे असे की भावाला बाहेर कामाला धाडणे म्हणजे आम्हांला तो जड झाला असे चार लोकांत सांगत फिरणे. दादा त्यांच्या बाजूचे. धाकटी तात्यांच्या बाजूची. तिचा नवरा परगावी नोकरीला असल्यामुळे तिच्या मताला पाठबळ नव्हते, पण तिचा आवाज पुरेसा होता.

"घरात दोन वेळचं गरम जेवण आहे, बसायला खुर्ची आहे, बोलायला माणसं आहेत," वन्सं म्हणाल्या. "आणखी काय पाहिजे रे तुला?"

"बस पाहिजे, माई."

"कसली बस?"

"सकाळची आठ पन्नासची. सगळ्या जगाची चुकते. माझी तीन वर्षांत एकदाही चुकली नाही."

हे सगळे तुझे प्रताप, असे म्हणून वन्सं धाकटीवर घसरल्या.

त्या दिवशी सर्वांनी थोरलीकडे पाहिले होते, कारण ती ज्या बाजूला जाईल ती बाजू जड होणार हे उघड होते. ती एवढेच म्हणाली की घाई कशाला. धाकटीला वाटले, ताई फिरल्या. वन्संना वाटले, वहिनी शहाणी आहे. थोरलीच्या मनात मात्र एकच भय होते. घरात झाकलेली ती वाकडी घडी परक्या माणसापुढे उघडी पडणार, आणि हात गेल्याचे भाऊजींना परक्याच्या तोंडून ऐकावे लागणार. मग ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसतील, आणि त्या वेळी कोणताही गठ्ठा त्यांना उठवू शकणार नाही.

बाई बरोबर अकरा वाजता आल्या. अंगाने किरकोळ, पायात चपटे जोडे, हातात फाइल. त्यांची एक रीत थोरलीच्या लगेच ध्यानात आली. प्रश्न विचारला की उत्तर दादा देत किंवा वन्सं देत. त्यावर बाई आपली खुर्ची तात्यांच्या दिशेने थोडी वळवीत आणि तोच प्रश्न पुन्हा विचारीत. असे चार वेळा झाले, आणि अखेरीस त्यांची पाठच वन्संकडे झाली.

जागा कोणती ते त्यांनी समजावून सांगितले. उठावाच्या ठिपक्यांची, बोटांनी वाचायची पुस्तके जेथे छापतात, त्या छापखान्याच्या बांधणी विभागातली ती जागा होती. तेथे डोळस कारागीर टिकत नव्हते, कारण ते सवयीने कागद दाबून चापून घडी घालीत आणि त्याबरोबर ठिपकेही सपाट होत. त्यांना असा माणूस हवा होता, जो फक्त घडीच्या रेषेवर भार देईल आणि बाकी कागदाला धक्का लावणार नाही. पहिले सहा आठवडे केंद्राचा एक मदतनीस शेजारी बसेल, घरापासून छापखान्यापर्यंतचा रस्ता काठीने चालायला शिकवणारे शिक्षक वेगळे येतील, आणि टेबलाला खाचा पाडलेली मापाची पट्टी लावून मिळेल.

"आणि एवढं करून नाही जमलं तर?" दादांनी विचारले.

"तर दुसरी जागा बघू," बाई तात्यांकडे पाहत म्हणाल्या. "आधी हात बघते. चाळीस ताव द्या."

रोजचाच गठ्ठा द्यावा, त्यावर हात बसलेला आहे, असे दादांनी सकाळी बजावून ठेवले होते. परंतु थोरलीने त्यांचे ऐकले नव्हते. त्या गठ्ठ्यावरच्या वाकड्यातिकड्या घड्या बाईंना दिसू नयेत, एवढ्याचसाठी तिने खऱ्या कामातले चाळीस कोरे ताव मोजून काढले होते. ते तिने पुढे ठेवले आणि दोन पावले मागे सरली.

तात्यांनी पहिला ताव ओढला आणि त्यांचा हात थांबला. अंगठा कागदाच्या मधोमध वरून खाली गेला, परत वर आला. त्यांनी तो ताव बाजूला ठेवून दुसरा चाचपला. मग तिसरा. दादांनी डोळे मिटून घेतले. वन्संनी धाकटीचे मनगट पकडले, भांडण विसरून.

"वहिनी," तात्या म्हणाले, "याला घडी नाहीये."

"घडी तुम्हीच घालायची ना?" बाईंनी विचारले.

तात्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरले. असे हसू थोरलीने त्यांच्या ओठांवर कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. "हो," ते म्हणाले. "तेच म्हणतोय मी."

आणि ते कामाला लागले. डावी करंगळी कागदाच्या खालच्या कोपऱ्याशी पहारा देई, उजवा हात वरची बाजू आणून तिच्यावर ठेवी, दोन्ही कडा बोटांच्या चिमटीत क्षणभर एकमेकींना भेटत आणि हाडाची पट्टी घडीवरून एकदाच सरसर जाई. पहिले पाच ताव सावकाश झाले. पुढे त्या हाताला लय आली, आणि खोलीत त्या सरसरीवाचून दुसरा आवाज उरला नाही. चाळीस ताव संपले तेव्हा बाईंनी घड्याळ पाहून काहीतरी लिहिले. दादांनी इतक्या वर्षांच्या सवयीने गठ्ठा उचलला, कडांवरून नजर फिरवली, टेबलावर ठोकून पुन्हा फिरवली. केसभरही फरक नव्हता. त्यांनी नुसते नाक ओढले आणि खळ फार उग्र झाली आहे असे पुटपुटले. खळीचे भांडे त्या दिवशी रिकामे होते.

थोरली चक्रावून गेली होती. हा हात तिच्या ओळखीचा होता, परंतु तो पूर्वीचा. मग रोज संध्याकाळी तिच्यापुढे येणारा हात कोणाचा?

"रोज किती होतात?" बाईंनी विचारले.

"दोनशे चाळीस," दादा उत्साहाने म्हणाले.

"कुठल्या पुस्तकाला जातात? अनुभवाच्या रकान्यात तसं लिहावं लागतं. कालचे दाखवता का थोडे?"

वन्संनी तोंड उघडले. त्या आता काहीतरी बेमालूम रचून सांगणार हे थोरलीला कळले, आणि ते सांगणे आपण चालू दिले तर भाऊजींच्या नोकरीच्या पहिल्याच कागदावर खोटे चढेल हेही कळले. आदल्या संध्याकाळच्या धावपळीत उलगडायचा राहिलेला कालचा गठ्ठा तिने कपाटातून काढला आणि टेबलावर ठेवला.

"कुठंच जात नाहीत," ती म्हणाली. "रद्दी आहे ही. भाऊजी घडतात, मी संध्याकाळी उलगडते, सकाळी परत तेच देते. तीन वर्षं झाली. खरं काम त्यांना आम्ही दिलंच नाही." मग तिने तात्यांकडे पाहिले. "मला माफ करा, भाऊजी."

तात्यांनी मान किंचित वाकडी केली. बाईंनी वरचा ताव उचलला, उलगडला आणि खिडकीच्या उजेडात धरला. "आणि या एवढ्या रेघा कसल्या?"

थोरलीने आजवर तो कागद उजेडात धरून कधी पाहिला नव्हता. मधल्या घडीच्या डावीकडे बारा घड्या होत्या आणि उजवीकडे अकरा. एकीपासून दुसरी सारख्याच अंतरावर, आखून काढाव्यात तशा सरळ. छापील रेघा तिरप्या होत्या, पण त्या घड्या तिरप्या नव्हत्या. तिने खालचा ताव उलगडला. तेच. त्याखालचा उलगडला. तेच.

"भाऊजी, हे..."

"घडीवर घडी घालायला काय लागतं?" तात्या म्हणाले. "कागद आपणहून मिटतो. तसं केलं असतं तर वर्षभरात हात मेला असता. म्हणून मी रोज एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, बाजूला घालायचो. आज डावीकडं, उद्या उजवीकडं. महिना भरला की वहिनी नवा गठ्ठा द्यायच्या, मग पुन्हा मधूनच सुरुवात."

"तुला ठाऊक होतं?" दादांचा आवाज चिरकला. "पहिल्यापासून?"

"दादा, मी बांधणीवाल्याच्या घरात वाढलो. घडी मोडलेला कागद मला कळणार नाही? तुझे डोळे शाबूत आहेत म्हणून तुला तसं वाटलं."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"हेच ऐकायला," तात्या म्हणाले. "बाकी सगळं घर माझ्याशी तापकऱ्याशी बोलावं तसं हळू बोलत होतं. तू एकटा सकाळी येऊन दम भरायचास, दोनशे तीसच का झाले म्हणून. खोट्या कामाचा का असेना, दम खरा होता."

दादांनी पाठ फिरवली आणि दाबयंत्राचा दांडा विनाकारण अर्धा फेरा फिरवला.

"मला वाटायचं, तुमचा हात गेला," थोरली म्हणाली. तिला धड रडूही येईना आणि हसूही येईना. "तीन वर्षं मी कुणाला सांगितलं नाही."

"आणि मला वाटायचं, तुम्हांला कळलंय. संध्याकाळी उलगडताना गालातल्या गालात हसत असाल. न बोलता चाललेली आपली थट्टा आहे, असं समजून मी एखाद्या महिन्यात मुद्दाम दोन-दोन सूत सरकायचो. तुम्ही हसत नव्हता, हे मला आजच कळतंय."

बाईंनी तो ताव नीट मिटला. अनुभवाच्या रकान्यात मी जे पाहिले तेच लिहीन, असे त्या म्हणाल्या, आणि हा कागद अर्जाला जोडण्यासाठी मागून घेतला. त्यांच्या मते छापखान्याला दाखवायला याहून चांगले प्रशस्तिपत्र कोणी लिहून देऊ शकले नसते. मग त्यांनी खुर्ची प्रथमच घरच्या माणसांकडे फिरवली. शेवटचा रकाना घरच्यांच्या तयारीचा होता.

सर्वांच्या आधी वन्सं बोलल्या. त्यांचे भय अब्रूचे नव्हतेच, रस्त्याचे होते. लहानपणी याला रस्ता ओलांडून द्यायचे काम माझे होते, असे सांगताना त्यांनी तात्यांची बाही घट्ट धरली. पहिले चार दिवस मी त्याच्याबरोबर जाईन, त्याशिवाय सही करू देणार नाही, असे त्यांनी जाहीर केले.

"जरूर जा," बाई म्हणाल्या. "पण वीस पावलं मागून चालायचं. आणि एक अक्षर बोलायचं नाही."

"मग राहू द्या, वन्सं," धाकटी म्हणाली. "चालणं जमेल तुम्हांला. दुसरं नाही जमायचं."

सर्वांत मोठ्याने हसल्या त्या वन्संच. दादांनी बाईंच्या पेनाने सही केली, आणि पेन परत देताना तात्यांच्या पाठीवर असा एक रट्टा दिला की त्याला आशीर्वाद म्हणावे की शिक्षा, हे कोणालाच ठरवता येऊ नये.

त्यानंतर दोन महिने गेले. काठीचे शिक्षक आले, रस्ता पाठ झाला, वन्सं वीस पावलांवरून चौथ्या दिवशी चाळीस पावलांवर गेल्या आणि पाचव्या दिवशी आपल्या घरी. मदतनीसाला सहा आठवडे पुरे झाले. तात्या एकटे कामाला जाण्याचा पहिला दिवस उजाडला, तेव्हा थोरली खिडकीत उभी राहिली नाही. उभे राहावेसे तिला फार वाटत होते.

संध्याकाळी साडेपाच वाजता तिचे पाय सवयीने लांब टेबलाकडे वळले. बाई येण्याच्या आदल्या दिवशी तात्यांनी घडलेला शेवटचा गठ्ठा कपाटात तसाच होता. तिने वरचा ताव हाती घेतला, उलगडण्यासाठी बोट घातले आणि काढून घेतले. नंतर तिने सुईत दोरा ओवला, आठ-आठ ताव एकात एक बसवले आणि फर्म्यामागून फर्मा शिवीत गेली. तिरप्या रेघांची, मऊ कागदाची एक जाडजूड वही तयार झाली.

सात वाजून गेले तेव्हा जिन्याखाली काठीची टकटक ऐकू आली. तात्या आत आले, काठी कोपऱ्यात बरोबर जागेवर उभी केली आणि खुर्चीत बसले.

"उशीर झाला?" तिने विचारले.

"सकाळी झाला," ते म्हणाले. मुलाने बक्षीस आणल्याचे सांगावे तसा त्यांचा स्वर होता. "आठ पन्नासची चुकली. नऊ दहाची धरली. साहेबांनी सगळ्यांच्या देखत झापलं. दादाहून चांगलं झापतात, सांगू नका त्याला."

दाराआडून दादांनी ते ऐकले, आणि ऐकले नाही असे दाखवण्यासाठी ते मोठ्याने खोकले.

थोरलीने वही तात्यांच्या हातात दिली. त्यांची बोटे कण्यावरून गेली, कडेवरून गेली, एक पान उघडून त्यावरच्या घड्यांवरून फिरली, आणि ती कोणती वही आहे ते त्यांना कळले. त्यांनी ती मांडीवर घेतली.

"तिसऱ्या फर्म्यात टाका सैल आहे, वहिनी."

"आणा इकडे, उसवून पुन्हा घालते."

"नको," तात्या म्हणाले, आणि त्यांनी वही तिच्या हाती लागणार नाही इतकी बाजूला सरकवली. "पुरे झालं उलगडणं."